ड्यूटी लिस्टमधली पाचवी नाइट

सकाळचे पावणेसात. स्त्री मेडिसिन वॉर्डात नाश्त्याआधीचं इन्सुलिन द्यायची वेळ. नाइटच्या सिस्टरने २१ नंबरच्या आजींसाठी १६ युनिट भरले, टिचकी मारून हवेचा बुडबुडा वर आणला आणि आजींच्या पोटाची कातडी चिमटीत धरली. शेजारी जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग पदविकेच्या, तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी उभी होती. ती हळूच म्हणाली, "सिस्टर, टोपी लाल आहे, पण बाटली शंभरची आहे ना?"

वॉर्डाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट. सिरिंजही दोन, चाळीसची लाल टोपीची आणि शंभरची केशरी. आमच्या वॉर्डात पुरवठ्यातून चाळीसचीच बाटली येते, त्यामुळे ट्रेमध्ये लाल टोप्या. आजींच्या मुलाने बाहेरून आणलेली बाटली शंभरची होती. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १६ च्या रेघेपर्यंत भरलं की होतात ०.४ मिलिलिटर, आणि त्या बाटलीतले ०.४ मिलिलिटर म्हणजे ४० युनिट. आजींची उपाशीपोटीची साखर ११८ होती. एवढ्या इन्सुलिनने ती धोकादायक खाली गेली असती, हे परिचारिकांना सांगायला नको.

सिरिंज परत ट्रेमध्ये गेली. सिस्टरने आजींच्या अंगावर चादर ओढली, टेबलाशी आली आणि घडलेलं सगळं रजिस्टरमध्ये स्वतःच्या हाताने लिहिलं. तिने ते लिहिलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं.

मी त्या वॉर्डाची परिसेविका, म्हणजे बोलीभाषेत इन्चार्ज. प्रकरण तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिचं वय चौतिशीचं, नोकरी अकरा वर्षांची. घर २६ किलोमीटरवर, मध्ये एक छोटा घाट. नवरा एमआयडीसीत, त्याच्याही पाळ्या फिरत्या. मुलगा दुसरीत. सासूबाईंना दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आलेला. अकरा वर्षांत तिच्या नावावर एकही मेमो नव्हता. आता पहिला निघणार होता, कारण ऑफिसकडून "खुलासा सादर करावा" असा कागद आला होता. तिने खुलासा लिहिलाही. दोन वाक्यांचा. "माझ्याकडून चूक झाली. पुन्हा होणार नाही."

तो कागद मी दोन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवला. पुढे पाठवावासा वाटेना. पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं ती कशाच्या भरवशावर लिहीत होती?

आमच्याकडे मॉर्निंग ८ ते २, इव्हनिंग २ ते ८ आणि नाइट रात्री ८ ते सकाळी ८. नाइट लागली की ओळीने सहा, असा जुना प्रघात. सहा बारे बहात्तर तास, मग ऑफ. कपाटातून मी मागच्या चार महिन्यांच्या ड्यूटी लिस्ट काढल्या आणि तिच्या ओळीवर लाल पेन फिरवला. इतरजणींना महिन्याला सहा-सात नाइट पडत होत्या. तिला १०, ११, ९ आणि १२. चार महिन्यांत ४२. एवढ्या कशा, तर बदली ड्यूट्या. कुणाच्या भाचीचं बारसं, कुणाची पोस्ट बेसिक नर्सिंग पदवीची परीक्षा, कुणाच्या पोराला ताप. "ताई, एवढी एक नाइट करशील?" आणि ताई करायची. इव्हनिंगला लागून मॉर्निंग १३ वेळा: रात्री पावणेनऊला वॉर्डातून निघायचं, पावणेदहाला घर, मागचं आवरून झोपायला बारा, पुन्हा पाचला डबे.

आणि ऑफ? कागदावर १७. हिशेब चोख दिसत होता. मग तारखा नीट लावून पाहिल्या, तर त्यातले ९ ऑफ नाइट उतरल्याच्या दिवशीचेच. म्हणजे ज्या दिवशी ती सकाळी पावणेनऊपर्यंत वॉर्डात उभी होती, तोच दिवस तिची सुट्टी म्हणून लिहिलेला. उरले आठ. त्यातल्या तीन दिवशी मीच फोन करून तिला बोलावलं होतं. चार महिन्यांत सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत आपले म्हणावेत असे दिवस पाच.

अक्षर माझं होतं. तिला कुणी मुद्दाम छळलं नव्हतं. यादीत रिकामा चौकोन राहिला की माझा हात आपोआप तिच्या ओळीकडे जायचा, कारण तिथून नकार येत नसे. वॉर्डात तिघीजणी माझ्याशी कडकडून भांडतात. त्यांच्या ओळी पाहिल्या. कशा सुटसुटीत!

मेमोचं बोलायच्या आधी मी तिला कँटीनमागच्या बाकावर बसवलं. ऑफिसात बोलावलं नाही. तिथली खुर्चीच अशी ठेवलेली असते की समोरचा माणूस आरोपी वाटावा. मी विचारलं, "इन्सुलिनचं राहू दे. त्याच्या आदल्या दिवशी किती झोपलीस?" तिला आठवेना, मग आम्ही बोटांवर मोजलं. ती पाचवी नाइट होती. चौथ्या नाइटला येण्याआधी ती दुपारी चारला उठली होती. चौथी नाइट करून सकाळी घरी गेली तर अकराला पालकसभा, मग सासूबाईंना फिजिओथेरपीला नेणं. संध्याकाळी पाचला पन्नास मिनिटं डोळा लागला आणि साडेसहाला पुन्हा स्कूटी. म्हणजे लाल टोपी हातात घेतली तेव्हा पावणेएकोणचाळीस तासांत झोप पन्नास मिनिटांची.

१९९७ साली डॉसन आणि रीड यांनी 'नेचर'मध्ये एक साधा प्रयोग छापला. माणसांना जागं ठेवलं, हात आणि डोळा यांचा मेळ तपासला आणि त्याच माणसांना दारू देऊन तेच तपासलं. सलग सतरा तास जागं राहिल्यावर कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरते, चोवीस तासांनी ०.१० च्या आसपास. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवायची मर्यादा ०.०३ टक्के आहे. ती मर्यादा ओलांडल्यावर पोलीस गाडी अडवतात. नाइट उतरून घाटातून जाणाऱ्या सिस्टरची गाडी कोण अडवणार?

बाकावर आणखी काही गोष्टी बाहेर आल्या. चार महिन्यांत दोनदा लघवीचा संसर्ग झाला होता. कारण कुठल्याही वॉर्डातल्या बाईला ठाऊक आहे: नाइटला एकटी असली की टेबल सोडवत नाही, म्हणून पाणीच पीत नाही. जेवणाचा डबा पहाटे चारला, नाहीतर तसाच परत. नातेवाइकांवर ओरडणं वाढलं होतं. "त्या ९ नंबरच्या मुलीने चौथ्यांदा सलाइन संपलं म्हणून सांगितलं, मला तिचा रागच आला. सलाइन खरंच संपलं होतं, इन्चार्ज." हे सांगताना ती पहिल्यांदा रडली. चुकीच्या सिरिंजबद्दल बोलताना रडली नव्हती.

मरावंसं वाटतं का, असं मी सरळ विचारलं. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात पेरला जात नाही, हे मानसोपचाराच्या पोस्टिंगमध्ये आपण सगळ्याच शिकतो आणि पुढे विसरतो. ती म्हणाली, "नाही हो. पण घाटात कधी कधी वाटतं, गाडी जरा घसरावी. हात मोडावा. सहा आठवडे प्लास्टर. कुणी बोलावणार नाही."

हे वाक्य मी आधीही ऐकलेलं आहे, वेगवेगळ्या तोंडून. कुणाला डेंग्यू व्हावासा वाटतो, कुणाला अपेंडिक्स. आजाराशिवाय सुट्टी मागता येत नाही अशा जागी माणसं आजाराची वाट पाहतात.

बर्नआउट हा शब्द आता सर्रास वापरला जातो, म्हणून थोडं स्पष्ट करते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याची नोंद केली आहे, पण आजार म्हणून नाही. कामाशी जोडलेली स्थिती म्हणून, नीट न हाताळलेल्या दीर्घकाळच्या ताणातून येणारी. खुणा तीन: शक्ती संपणं, कामाबद्दल मनात अंतर किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. तिच्यात तिन्ही होत्या. तरी मी लगेच तो शिक्का मारला नाही, आणि हे बरं झालं. आमच्याच मेडिसिनच्या मॅडमनी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.९. थायरॉइड ठीक. दुसऱ्यांच्या हिमोग्लोबिनचे रिपोर्ट फायलीला लावणाऱ्या बाईने स्वतःचं तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. अंगात रक्तच नसेल तर जिना चढताना लागणारी धाप मनाच्या खात्यावर मांडून कसं चालेल?

मानसोपचार ओपीडीला जायला ती तयार होईना. तिथे केसपेपर काढणारे मामा ओळखीचे, बाकावर बसलेले पेशंट ओळखीचे. "उद्या वॉर्डात सगळे माझ्या गोळ्या मोजतील," म्हणाली. हा अडथळा खरा आहे, त्याला लाजणं म्हणून उडवून लावू नये. मी तिला टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक दिला. २०२२ पासून ही सरकारी सेवा मोफत आणि चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. आठवड्याभराने एका दुपारी तिने फोन केला. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. पुढे शेजारच्या तालुक्यातल्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे ती तीनदा जाऊन आली.

याच काळात रुग्णालयात कर्मचाऱ्यांसाठी ताणतणाव व्यवस्थापनाचं व्याख्यान झालं. दुपारी तीन वाजता, उपस्थिती बंधनकारक. नाइटच्या मुली झोपेतून उठून आल्या आणि मागच्या रांगेत बसून पुरेशी झोप घेण्याचे फायदे ऐकले. वक्ते चांगले होते, श्वसनाचे प्रकार मलाही आवडले. पण त्या तासात मी माझ्या वहीत पुढच्या महिन्याची लिस्ट मांडत बसले होते आणि माझ्या मते त्या सभागृहातलं सर्वांत उपयोगाचं काम तेच होतं.

लिस्टमध्ये काय बदललं ते सविस्तर सांगते, कारण दुसऱ्या वॉर्डांच्या इन्चार्ज हेच विचारतात.

नाइट उतरल्याचा दिवस ऑफ म्हणून लिहायचा नाही. त्याला "उतार" असा वेगळा शब्द केला आणि वेगळ्या शाईत लिहायला लागले. खरा ऑफ त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. एवढ्या एका गोष्टीने महिन्याचं गणित उघडं पडलं: माणसं कमी आहेत हे तोवर ऑफच्या आकड्यांत लपलेलं होतं. इव्हनिंगला लागून मॉर्निंग बंद. पाळ्या फिरवायच्या त्या पुढच्या दिशेने, मॉर्निंगवरून इव्हनिंग, इव्हनिंगवरून नाइट. शरीराचं घड्याळ उशिरा झोपायला शिकतं, लवकर झोपायला नाही.

सहा नाइटच्या तीन करायला गेले तेव्हा मात्र वॉर्ड माझ्यावर उलटला. ज्यांची गावं लांब आहेत, विदर्भातल्या दोघी, मराठवाड्यातली एक, त्यांना सलग सहा नाइट हव्याच होत्या. सहा केल्या की ऑफ जोडून गावी जाता येतं. तीन-तीनचे तुकडे केले तर हॉस्टेलच्या खोलीतच बसायचं. त्यांचं बरोबर होतं. मी पुस्तकातलं वाचून सगळ्यांना एकाच मापाने मोजायला निघाले होते. शेवटी ठरलं ते असं: कुणालाही चारच्या वर लावायच्या नाहीत, ज्यांना सहा हव्यात त्यांनी स्वतः लिहून द्यायचं. पाचव्या नाइटपासून इन्सुलिन आणि पोटॅशियम दोघींनी मिळून तपासायचं. आमची सिस्टर चारवाली.

मग ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीच्या हाती वॉर्ड सोपवणं. ड्यूटी आठला संपते असं कागद म्हणतो, पण ओव्हर देऊन बाहेर पडायला पावणेनऊ होतात. मी घड्याळ लावून पाहिलं. पेशंटचा ओव्हर सतरा मिनिटांत झाला. उरलेला वेळ चादरी, थर्मामीटर, बीपीची यंत्रं, कात्र्या मोजण्यात. हरवलेल्या वस्तूचे पैसे ड्यूटीवरच्या सिस्टरच्या खिशातून जातात, म्हणून प्रत्येकीने दिवसातून तीनदा सगळं मोजायचं. आम्ही सामानाची मोजणी फक्त सकाळी ठेवली, बाकी वेळी कपाटाला कुलूप आणि किल्लीची सही. भांडार विभागाने नाराजी दाखवली, मग सवय झाली. बाकीच्या दोन ओव्हरना दर वेळी पंचवीस मिनिटं वाचली. योगासनांच्या सत्रासाठी कुणी एवढा वेळ दिला नसता.

नाइटला अर्धा तास आडवं होण्याचा प्रश्न सर्वांत नाजूक. "ड्यूटीवर झोपलेली नर्स" म्हणून कुणी मोबाइलवर चित्रफीत काढली की संपलंच. मॅट्रन मॅडमनी लेखी परवानगी दिली नाही. तोंडी म्हणाल्या, "दोघी असतील तेव्हा एकीने चेंजिंग रूममध्ये बसावं, मी राउंडला तीननंतर येते." त्यांच्या भाषेत एवढं खूप झालं. अट मात्र दोघी असण्याची, आणि तिथेच गाडं अडतं. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असं आहे. माझ्या वॉर्डात ३२ खाटा. त्या रात्री जमिनीवरच्या गाद्या धरून ४४ पेशंट होते, एक स्टाफ आणि एक विद्यार्थिनी. पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांवरचा लिंडा एकेन यांचा २००२ चा अभ्यास मी पोस्ट बेसिक करताना वाचला होता: एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या तीस दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते आणि परिचारिकेच्या बर्नआउटची २३ टक्क्यांनी. तो आकडा आणि माझ्या लाल रेघांच्या चार याद्या जोडून मी वर पत्र पाठवलं. तिच्या खुलाशासोबत तेच पत्र लावलं. मेमो निघाला नाही. जादा स्टाफही आला नाही. नाइटला दुसरी सिस्टर मिळाली ती मॉर्निंगमधून एक कमी करून, आणि त्या तुटवड्यात सकाळी मी स्वतः औषधाची ट्रॉली घेऊन फिरते.

लाल आणि केशरी टोप्यांचे ट्रे वेगळे केले. बाहेरून आलेल्या शंभरच्या बाटलीवर केशरी चिकटपट्टी. खर्च पस्तीस रुपये.

तिच्या घरचं मी तिच्याच शब्दांत ऐकलेलं आहे. नवऱ्याला तिने लाल रेघांची यादी दाखवली. तो दोन पाळ्यांत राबणारा माणूस, यादी वाचणं त्याला समजावून सांगावं लागलं नाही. नाइट उतरल्यावर दहा ते दोन तिच्या खोलीचं दार बंद, बाहेर जाड पडदा, फोन सासूबाईंच्या उशाशी. सासूबाई आडव्या पडल्या पडल्या येईल त्याला सांगतात, "सून झोपलीय, दोननंतर या." पहिले काही दिवस शेजारणी हसल्या. दिवसाढवळ्या झोपणारी सून! पालकसभेला आता नवरा जातो. नाइटला ती एसटीने येते-जाते. परतीच्या बसमध्ये एकदा झोप लागून थेट डेपोत पोचली, पण घाटात नाही. पहाटे तीननंतर चहा बंद, कारण त्या चहाने घरी गेल्यावरची झोप मोडते. लोहाच्या गोळ्या नेमाने, जेवणासोबत चहा न घेता. तिसऱ्या महिन्यात हिमोग्लोबिन १०.८.

नकार देणं मात्र तिला जमेना. मानसोपचारतज्ज्ञांनी तिला वाक्य पाठ करायला लावलं होतं, तरी समोरची "ताई" म्हणाली की ते विसरायचं. मग आम्ही तिच्यावरचा तो भारच काढला. बदली ड्यूटी महिन्याला दोनच, कुणाचीही असो, आणि तिसरी मागायची असेल तर थेट माझ्याकडे यायचं. आता ती म्हणते, "मी केली असती गं, पण इन्चार्ज देत नाहीत." वाईटपणा माझ्याकडे आला. इन्चार्जला भत्ता कशाचा मिळतो?

चौथ्या महिन्यात वॉर्डातल्या एकीची बदली झाली, दुसरी बाळंतपणाच्या रजेवर गेली. अकरांच्या नऊ उरल्या. "उतार" आणि "ऑफ" दोन आठवडे पुन्हा एकाच चौकोनात आले, तिला सलग पाच नाइट पडल्या. पाचव्या नाइटला पहाटे पाच वाजता मला फोन आला. मी दचकून उठले. ती म्हणाली, "काही झालेलं नाही. पण आज माझं डोकं चालत नाहीये. सकाळचं इन्सुलिन मला एकटीला भरायचं नाही." मी साडी गुंडाळून गेले, क्वार्टर जवळच आहे. दोघींनी मिळून सात पेशंटचं भरलं. एकदाही चूक नव्हती. नंतर मामांनी बाहेरून चहा आणला, तिने घेतला नाही.

आज ३० तारीख. पुढच्या महिन्याची लिस्ट समोर आहे. रजेवरच्या सिस्टरच्या जागी कुणी येणार का, ते ऑफिस उद्या सांगणार आहे. तिच्या ओळीत चार नाइट शाईने लिहिल्यात. पाचवा चौकोन रिकामा आहे, आणि दुसरं नाव सापडत नाहीये, म्हणून तिथे सध्या पेन्सिलीने माझंच लिहून ठेवलंय.